दहा रुपये दंड ते चोवीस तासांत एफआयआर : कॉलेजच्या शिस्तीची पार्श्वभूमी

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत शेवटी छापलेले शिस्तीचे नियम कुणी एका बैठकीत बसून लिहिलेले नसतात. आवारात सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या, हजेरी ७५ टक्के भरा, रॅगिंग हा गुन्हा आहे, प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील. यातल्या प्रत्येक ओळीचं वय वेगळं आहे. सगळ्यात म्हातारी ओळ शेवटची.

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. त्याच महिन्यात बंगालमध्ये सरकारचं कार्लाइल परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांना बहिष्काराच्या चळवळीपासून आवरलं नाही, तर संस्थेचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद होतील, असा त्याचा मथितार्थ. १९०७ साली रिस्ले परिपत्रकाने ही बंधनं देशभर नेली. धमकी विद्यार्थ्याला नव्हती, संस्थेला होती. संस्थेने ती खाली ढकलायची, अशी रचना. सभेसाठी परवानगी मागायला लावणाऱ्या कलमाचा उगम याच काळात शोधावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर ‘अंतिम निर्णया’ला पहिली वेसण घातली ती न्यायालयांनी. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने १९५४ च्या परीक्षेत गैरप्रकाराच्या ठपक्यावरून तीन परीक्षार्थींचा निकाल रद्द केला. त्यांना म्हणणं मांडायची संधीच दिली नव्हती. घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ही कारवाई टिकू दिली नाही. ‘कारणे दाखवा’ नोटीस, आरोप लेखी देणं, खुलाशाला मुदत देणं या आज सवयीच्या झालेल्या गोष्टींना असा आधार मिळाला.

पण नैसर्गिक न्याय, म्हणजे म्हणणं ऐकून मगच निर्णय देणं, याचा अर्थ प्रत्येक वेळी कोर्टासारखी उलटतपासणी असा नव्हे. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजमध्ये १९७२ साली काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले. तीन सदस्यांच्या समितीने मुलींचे जबाब आरोपींच्या गैरहजेरीत घेतले, फोटोंवरून ओळख पटवली आणि मुलांना आरोप सांगून त्यांचा खुलासा घेतला. जबाबांच्या प्रती त्यांना दिल्या नाहीत. हिरानाथ मिश्रा प्रकरणात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ग्राह्य धरलं. समोरासमोर बसवलं असतं तर एकही मुलगी बोलली नसती, हे व्यवहारज्ञान त्यामागे आहे. वसतिगृहाच्या तक्रारी हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचलेला असावा. तक्रारदाराला आणि आरोपीला एकाच खोलीत बसवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणणारे रेक्टर आजही भेटतात.

इथवर नियम बांधत होते ते विद्यार्थ्यालाच. फार तर त्याला शिक्षा कशी करावी, एवढंच संस्थेला सांगितलं जात होतं. रॅगिंगच्या कायद्याने हे उलटं केलं.

१९९६ मध्ये तमिळनाडूत अण्णामलई विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा. कायदा छोटा, पण नेमका. शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज, संकोच वाटायला लावणारं वर्तन म्हणजे रॅगिंग; एरवी स्वखुशीने जे केलं नसतं ते करायला सांगणंही त्यात आलं. म्हणजे ‘आम्ही फक्त गाणं म्हणायला सांगितलं’ हा बचाव व्याख्येतच बाद होतो. संस्थेच्या आत किंवा बाहेर असा फरक नाही. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर घडलेला प्रकारही कक्षेत येतो. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यास संस्थेतून काढून पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही.

खरी धार मात्र पुढच्या दोन कलमांत आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची, आणि तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. हे टाळणारा किंवा यात हयगय करणारा प्रमुख गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो आणि दोषी ठरल्यास त्यालाही तीच शिक्षा. १९०५ मध्ये अनुदानाच्या भीतीने विद्यार्थ्यावर हात उगारणारी संस्था इथे विद्यार्थ्याला वाचवलं नाही म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

तरी कागद हलत नव्हते. २००१ मध्ये विश्व जागृती मिशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढे सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, विनियम आले. त्यांचं वैशिष्ट्य असं की त्यांनी रोजची कामं ठरवून दिली. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक अशी दोन प्रतिज्ञापत्रं. संस्थाप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली समिती. तिच्यात शिक्षक, पालक, नवे-जुने विद्यार्थी यांच्याबरोबर पोलीस, प्रशासन आणि स्थानिक माध्यमांचे प्रतिनिधी. वेगळं पथक, ज्यात बाहेरचं कुणी नाही आणि ज्याने होस्टेलवर अचानक धाड टाकायची. दर सहा नवोदितांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला निनावी सर्वेक्षण. शिवाय १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन.

गोंधळ होतो तो मुदतींचा. राज्याच्या कायद्यात सात दिवस आहेत. यूजीसी म्हणते, माहिती मिळाल्यावर दंडनीय गुन्हा दिसत असेल तर चोवीस तासांत एफआयआर. संस्थेची चौकशी पोलिसांसाठी थांबवायची नाही, तीही सात दिवसांत संपवायची. ‘चौकशी करू, मग पोलिसांकडे जाऊ’ असं म्हणणारे प्राचार्य दुसऱ्या दिवशीच उशिरा ठरतात. शिवाय यूजीसीच्या विनियमांत लेखी तक्रारीची अट नाही, माहिती पुरे. त्यामुळे ‘मुलाने तक्रार मागे घेतली’ हा शेरा फाइल बंद करायला पुरत नाही.

चुका बहुतेक कारकुनी वळणाच्या असतात. अर्ज हातात घेतला, पण आवक क्रमांक टाकला नाही, म्हणून चोवीस तास कधी सुरू झाले तेच सिद्ध होत नाही. समितीची बैठक झाली, इतिवृत्तावर सह्या महिन्याने. मोबाइलवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट छापून घेतला, पण कोणाच्या फोनवरून, कधी, याची नोंद नाही. आणि माफीनामा. दोन्ही पालकांना बोलावून चहा पाजून घेतलेला माफीनामा हा कायद्याच्या दृष्टीने तडजोड नसतो. तो प्रमुखाला सगळं माहीत होतं याचा पुरावा असतो. गुन्हेगार ओळखू आले नाहीत तर यूजीसीने सामूहिक शिक्षेचीही सोय ठेवली आहे. ही सोय मात्र आम्हाला खटकते, कारण १९६२ पासून जे कमावलं त्याच्या ती विरोधात जाते.

लैंगिक छळाची वाट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल, त्याच विषयावरचा २०१३ चा कायदा आणि त्यावर आधारलेले यूजीसीचे २०१५ चे विनियम. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी नव्वद दिवसांत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी. रॅगिंगच्या समितीने हे काम उरकू नये. दोन्ही घटक असतील तर दोन्ही फाइली उघडाव्या लागतात.

२०१६ मध्ये यूजीसीने रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली : वर्ण, धर्म, जात, लिंग, लैंगिक कल, रूप, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून होणारा छळ. १९९९ च्या राज्याच्या व्याख्येत यातलं काहीच नावानिशी नव्हतं. मे २०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर दाखल झालेल्या गुन्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आणि राज्याचा रॅगिंग प्रतिबंध कायदा, दोन्हींची कलमं लावली गेली.