कीवर्ड मेटा टॅग : कोटेशनमधल्या एका ओळीची पार्श्वभूमी

पुण्यात एखाद्या दुकानाची किंवा क्लासची वेबसाइट करून घ्यायला गेलं, की हाती येणाऱ्या कोटेशनमध्ये ‘एसइओ’खाली (म्हणजे सर्चमध्ये साइट वर आणण्याच्या कामाखाली) ‘मेटा कीवर्ड्स टाकणे’ अशी ओळ आजही बऱ्याचदा असते. त्या ओळीचे पैसे मोजले जातात, म्हणून ती आली कुठून आणि आज तिला किती किंमत आहे, हे सांगायला हवं. गूगलपुरतं उत्तर शून्य आहे. वेब शोधातला क्रम लावताना आपण हा टॅग वापरत नाही, असं गूगलने २१ सप्टेंबर २००९ रोजीच जाहीर केलं होतं.

मेटा टॅग म्हणजे पानाच्या ‘हेड’ भागात लिहिलेली माहिती. त्यातल्या कीवर्ड टॅगमध्ये पान ज्या शब्दांनी शोधलं जावं असं वाटतं, ते शब्द लिहायचे. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. कंट्रोल आणि यू दाबून पेज सोर्स उघडला तरच दिसते. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.०ची, म्हणजे वेब पानं ज्या भाषेत लिहितात तिची, व्याख्या प्रसिद्ध झाली, तिच्यात मेटा टॅगला जागा मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डब्लिन गावी, ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले होते. वेबवरच्या मजकुराला शीर्षक, कर्ता, विषय अशी नोंद जोडायची ‘डब्लिन कोअर’ पद्धत त्या बैठकीतून निघाली. वेबलाही ग्रंथालयासारखी तालिका असावी, ही त्यामागची इच्छा प्रामाणिक होती. पण पुणे नगर वाचन मंदिरात किंवा भांडारकर संस्थेत पुस्तकाचा विषय ग्रंथपाल ठरवतो. लेखक नाही, आणि विक्रेता तर नाहीच. वेबवर ते काम थेट विकणाऱ्याच्याच हाती गेलं. पुढचं सगळं बिघडलं ते इथून, असं मला वाटतं.

इन्फोसीक आणि डिसेंबर १९९५मध्ये सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा ही सर्च इंजिनं हा कीवर्ड टॅग वाचू लागली. सुरुवातीला त्याचा खरा उपयोगही होता. पुण्याचं नाव रोमन लिपीत नव्या स्पेलिंगने आणि इंग्रजी अमदानीतल्या जुन्या स्पेलिंगने, असं दोन्ही प्रकारे शोधलं जाई. पानावर एकच लिहायचं आणि दुसरं टॅगमध्ये घालायचं, हे सोयीचं होतं. मग एकच शब्द पन्नास वेळा कोंबणं सुरू झालं. पानाशी काडीचा संबंध नसलेल्या नटनट्यांची नावं आली, प्रतिस्पर्ध्यांचीही आली. ग्राहकाला दिसत नाही, तिथे काहीही लिहिलं तरी कोण विचारणार?

गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८च्या आपल्या शोधनिबंधात हेच नोंदवलं होतं : वाचकाला न दिसणारा मजकूर सर्च इंजिनांना फसवायला वापरला जातो, त्यामुळे पानाला जोडलेल्या अशा माहितीवर विसंबायचे प्रयत्न बहुतांशी फसले आहेत. त्यांनी भर दिला तो दुसऱ्या पानांवरून येणाऱ्या दुव्यांवर, म्हणजे इतर लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात त्यावर. जुलै २००२मध्ये अल्टाव्हिस्टानेही हा टॅग सोडला. मोठ्या इंजिनांपैकी इंक्टोमी तेवढं उरलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये सर्च क्षेत्रातले जाणकार पत्रकार डॅनी सलिव्हन यांनी हा टॅग संपल्याचं लिहून टाकलं. २००९ची घोषणा गूगलच्या मॅट कट्स यांनी केली, ती या सगळ्यानंतर सात वर्षांनी.

मराठीत मात्र या टॅगचा एक वेगळा अध्याय आहे, आणि तो पुण्याशी जोडलेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट खास फाँटवर चालत. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे योगेश, सुरेख हे फाँट आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी डीटीपीवाल्यांच्या रोजच्या वापरातली. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा स, तिसऱ्या जागी वेलांटी. फाँट बसवलेला असेल तर पडद्यावर स्वच्छ मराठी बातमी दिसे. तोच मजकूर सर्च इंजिनच्या लेखी मात्र डॉलर, कंस आणि विचित्र रोमन अक्षरांचा ढीग होता, आणि फाँट बदलला की तो ढीगही बदले. अख्खी बातमी मराठीत असून त्यातला एकही शब्द कुणाला शोधून सापडणार नाही, अशी गत. तेव्हा रोमन लिपीत लिहिलेलं शीर्षक आणि मेटा टॅग एवढाच मजकूर यंत्राला वाचता येई. त्या काळी ज्यांनी मन लावून हे टॅग भरले, त्यांनी वाया जाणारं काम केलं नाही.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासूनच जागा होती. विंडोज २०००सोबत मंगल फाँट आला आणि ती हळूहळू सामान्य संगणकांवर पोचली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आता पानावरचा प्रत्येक शब्द शोधता येऊ लागला आणि टॅगची उरलीसुरली गरज संपली. सवय मात्र शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे तशीच गेली.

कायद्यात हा टॅग जास्त टिकला. २०१४मध्ये शादी डॉट कॉमच्या कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात तक्रार केली की, प्रतिस्पर्ध्याने आपलं नाव त्याच्या साइटच्या मेटा टॅगमध्ये घातलं आहे. न्या. गौतम पटेल यांनी तो प्रकार गंभीर मानून अंतरिम मनाई दिली. तेव्हा दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव या टॅगमध्ये घालून गूगलवर फायदा होत नाही, पण कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. शिवाय टॅग कुणालाही उघडून पाहता येतो. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनच्या मंडळींनीही २०११मध्ये सांगितलं होतं की, शब्द कोंबलेला टॅग स्पॅमचं लक्षण ठरू शकतो.

आज पैसे मोजायचेच तर ते शीर्षकासाठी आणि पानावरच्या मजकुरासाठी मोजावेत. मेटा डिस्क्रिप्शन हा वेगळा टॅग. त्याने क्रम चढत नाही, पण निकालाखालच्या दोन ओळींत तो दिसू शकतो, म्हणून तो नीट लिहावा. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानाची साइट समजा. पानावर भांड्यांचे फोटो, दरपत्रक व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र, आणि ‘तांब्याची भांडी’ हे शब्द फक्त कीवर्ड टॅगमध्ये, अशी रचना वारंवार दिसते. तांब्याचा बंब, पितळी पातेलं, ‘कल्हई करून मिळेल’, दुकानाची वेळ, पत्ता, हे सगळं पानावर साध्या मराठीत टाइप करायला हवं. ‘कल्हई पुणे’ असं शोधणारा माणूस त्यामुळे दुकानापर्यंत पोचू शकतो.

कोणते शब्द घ्यायचे याचा अंदाज बांधत बसायचीही गरज नाही. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. साइट त्यात जोडली की लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान निकालात दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, याची यादी मिळते. साइट बनवणाऱ्याकडून त्याचा ताबा आपल्या ईमेलवर मागून घ्या, आणि कोटेशनमध्ये मेटा कीवर्ड्सच्या जागी ‘सर्च कन्सोलचा ताबा देणे’ ही ओळ लिहून घ्या.