श्रद्धांजलीतला 'मी'

20 मे 2025 ला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले आणि दुपारपर्यंत शहरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एका छापाच्या पोस्ट फिरू लागल्या. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतला जुना फोटो, मधे सर, शेजारी पोस्ट टाकणारा. खाली 'मी सातवीत असताना' अशी सुरुवात. सर मुलांना सांगत, स्वाक्षरी हवी तर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तशी कार्डंही कपाटांतून बाहेर आली.

यावर नाकं मुरडणारेही असतातच. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'शोकाकुल' मंडळींचे चेहरे गेलेल्या माणसापेक्षा जास्त जागा खातात, त्यातलाच हा प्रकार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटत नाही.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी संशोधकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय की रेडिओ-टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं ओळखीपाळखीचं वाटावं असं नातं जमतं, फक्त ते एकतर्फी असतं. रोज कानावर पडणारा आवाज, ओळखीचा चेहरा, एवढ्यावर मेंदू त्या माणसाला 'आपल्यातला' धरतो. म्हणून तो गेल्यावर होणारं दुःख खोटं नसतं. पण त्याच्याबद्दल आपल्याकडे असतं काय? त्याच्या घरातलं काही ठाऊक नाही. आठवणी असतात त्या आपल्याच: कुठल्या वाड्यात राहत होतो, व्याख्यानाला कोण सोबत होतं. त्यातही साधारण 10 ते 30 वयातल्या आठवणी उतारवयात जास्त वर येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलंय. मग श्रद्धांजलीत 'मी' येणार नाही तर कोण?

शिवाय त्यात गोडी आहे. हार्वर्डमधल्या डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी 2012 मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल सांगताना मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जागी होतात, म्हणजे खाण्याने किंवा पैशाने होतात तीच. स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून लोक थोडे पैसेही सोडायला तयार झाले.

खरी गोची घाईची आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. 23 तारखेच्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली, नावाजलेल्या कलाकारांनीही श्रद्धांजली वाहून टाकली. अखेर कुटुंबीयांना सांगावं लागलं की ते हयात आहेत. ते गेले 26 ला. घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील!

एमआयटीच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या. 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या साधारण सहापट वेळ लागला. दोष बॉटच्या, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणाऱ्या खात्यांच्या, माथी मारता आला नाही. पसरवणारी माणसंच होती, कारण खोट्यात नवलाई जास्त असते.

व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2020 मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं बंधन घातलं. श्रद्धांजली मात्र त्यातून निसटते. ती कोणी जशीच्या तशी फॉरवर्ड करत नाही, स्वतःच्या शब्दांत, स्वतःचा फोटो जोडून नव्याने टाकतं. त्यावर वारंवार फॉरवर्ड झाल्याची खूण असलेला दुहेरी बाण उमटतच नाही.