टिन मॅनचा ॲक्टर शूटिंगमध्ये मेला नव्हता

'द विझर्ड ऑफ ऑझ' या जुन्या हॉलिवूड सिनेमातला पहिला टिन मॅन, म्हणजे पत्र्याच्या माणसाचा रोल करणारा नट, ॲल्युमिनियमच्या मेकअपने मेला, ही पोस्ट दर काही महिन्यांनी परत फिरत येते आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण त्या माणसाचं नाव बडी एब्सन आणि तो वारला 2003 मध्ये, 95 वर्षांचा होऊन.

झालं होतं ते असं. 1938 मध्ये एब्सनला आधी बुजगावण्याचा रोल मिळालेला, मग रे बोल्जर या दुसऱ्या नटाशी अदलाबदल होऊन तो टिन मॅन झाला. चेहऱ्याला पांढरा रंग लावून त्यावर ॲल्युमिनियमची पावडर मारायचे, ती रोज श्वासातून आत जात राहिली आणि एका रात्री हातापायात गोळे यायला लागले, श्वासच घेता येईना, थेट हॉस्पिटल, ऑक्सिजन. म्हणजे आजारपण खरं आणि गंभीरच होतं. स्टुडिओने त्याच्या जागी जॅक हेलीला घेतलं आणि पावडरऐवजी पेस्ट वापरली, तरी हेलीच्या डोळ्यांना इन्फेक्शन झालंच. सिनेमातली मुख्य चौघं मिळून म्हणतात त्या गाण्यात एब्सनचा आवाज अजूनही आहे बरं का!

काही जण म्हणतात जीव वाचला पण करिअर संपलं, तेही चूक. 1961 च्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' सिनेमात नायिका हॉलीला घरी न्यायला आलेला तिचा साधाभोळा नवरा हाच, बसस्टॉपवरचा तो निरोप बघाच एकदा. मग 1962 ते 71 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या टीव्ही मालिकेतला जेड क्लॅम्पेट, आणि लगेच 1973 पासून 1980 पर्यंत 'बार्नबी जोन्स' मालिकेतला म्हातारा डिटेक्टिव्ह.