मोडलेला पाय, मधला हंगाम: डेट्रॉइट लायन्सच्या बचावाची पार्श्वभूमी

13 ऑक्टोबर 2024. टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या मैदानावर, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात, डेट्रॉइट लायन्सनी डॅलस काउबॉइजची पार दाणादाण उडवली होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लायन्सचा एडन हचिन्सन काउबॉइजच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर, झेपावला आणि त्याचा डावा पाय आपल्याच संघातल्या अलिम मॅकनीलच्या पायावर जोरात आपटला. नडगीचं हाड आणि तिच्या शेजारचं बारीक हाड, दोन्ही मोडली. दोन्ही संघांचे खेळाडू भोवती जमले. पायाला आधार बांधून त्याला गाडीवरून बाहेर नेलं. सामना लायन्सनी 47-9 असा जिंकला, पण त्या रात्री डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यात जल्लोष करायची कुणाची इच्छा नव्हती.

पुढचे तीन आठवडे एकच प्रश्न चघळला गेला: लायन्सनी बदली माणूस कोण आणावा, आणि त्यासाठी किती मोजावं? अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्याला हा एका हंगामाचा प्रश्न वाटेल. डेट्रॉइटमध्ये मात्र तो 1957 पासूनचा आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. या फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगवेगळे असतात. साखळीत सामने फक्त 17, साधारण आठवड्याला एक. सहा आठवडे कुणी बाहेर बसला की हंगामाचा तिसरा हिस्सा गेला. बचावात हचिन्सनसारख्या खेळाडूचं काम समोरची भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणं. चेंडू फेकायच्या आत त्याला पाडलं की तो ‘सॅक’. हचिन्सनच्या नावावर पाच सामन्यांत साडेसात सॅक होते आणि त्या घडीला लीगमध्ये तो सर्वांच्या पुढे होता. पण आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. एका टोकाकडून वेगवान गोलंदाज आग ओकत असला की विकेट दुसऱ्या टोकाला पडतात, तसं इथंही असतं. पुढून दडपण आलं की क्वार्टरबॅक घाईने चेंडू फेकतो आणि मागचे बचावपटू तो हिसकावतात. दडपण गेलं की मागच्यांना एक-दोन सेकंद जास्त धावत राहावं लागतं, आणि त्या दोन सेकंदांत सामने जातात.

आता 1957. त्या दशकात लायन्स हा लीगमधला दादा संघ होता. 1952 आणि 1953 ची विजेतेपदं त्यांच्याकडे होती आणि त्यांचा क्वार्टरबॅक बॉबी लेन म्हणजे शहराचा लाडका. 1957 च्या हंगामाआधी त्यांनी ग्रीन बे पॅकर्सकडून टोबिन रोट नावाचा दुसरा क्वार्टरबॅक ट्रेड करून, म्हणजे अदलाबदलीत, आणला होता. घरात एक असताना दुसरा कशाला, असं तेव्हा वाटलं असेल. 8 डिसेंबरला क्लीव्हलंड ब्राउन्सविरुद्ध लेनचा पाय मोडला आणि रोट मैदानात आला. 22 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत 49अर्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यात, लायन्स मध्यंतराला 24-7 असे मागे होते. केझार स्टेडियमवर खेळाडूंच्या खोल्यांमधली भिंत पातळ होती आणि पलीकडे 49अर्स विजय साजरा करताहेत हे लायन्सना ऐकू येत होतं, ही गोष्ट डेट्रॉइटच्या जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. लायन्स 31-27 असे जिंकले. आठवड्याने अंतिम सामन्यात त्यांनी ब्राउन्सना 59-14 असं चिरडलं. रोटने सहकाऱ्यांना गोलरेषेपार नेणारे चार टचडाउन पास दिले आणि एकदा स्वतः चेंडू घेऊन आत घुसला.

ते लायन्सचं आजवरचं शेवटचं विजेतेपद.

पुढच्याच हंगामात, ऑक्टोबर 1958 मध्ये, जेमतेम दोन सामने झालेले असताना संघाने लेनला पिट्सबर्ग स्टीलर्सला देऊन टाकलं. बदल्यात क्वार्टरबॅक अर्ल मॉरल आणि ड्राफ्टमधल्या निवडी मिळाल्या, म्हणजे नवे खेळाडू फेरीफेरीने वाटून घेताना आपली पसंती सांगायचे हक्क. जाताना लेन म्हणाला, हा संघ पन्नास वर्षं जिंकणार नाही, अशी आख्यायिका आहे. मला शापापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका मोडलेल्या पायावर संघाकडे आधीच उतारा तयार होता म्हणून विजेतेपद मिळालं, आणि त्याच संघाने वर्षाच्या आत ऐन हंगामात आपला कणा विकला. डेट्रॉइटचा चाहता ‘ट्रेड’ हा शब्द ऐकून आधी दचकतो, त्याचं मूळ इथं आहे.

त्यानंतरचा दुष्काळ फार लांबलचक. मध्ये 1991 येतं. त्या वर्षी 17 नोव्हेंबरला माइक अटली हा आक्रमणाच्या पुढच्या भिंतीतला गार्ड मानेवर पडला आणि त्याचं छातीखालचं शरीर लुळं पडलं. स्ट्रेचरवरून जाताना त्याने अंगठा वर केला. तेवढं एक चित्र घेऊन संघाने साखळीतले उरलेले सगळे सामने जिंकले आणि 5 जानेवारी 1992 ला प्लेऑफमध्ये काउबॉइजना 38-6 असं हरवलं. मग वॉशिंग्टनने त्यांना 41-10 असं घरी पाठवलं. वॉशिंग्टन हे नाव लक्षात ठेवा. त्या एका विजयानंतर प्लेऑफमधला पुढचा विजय मिळायला 32 वर्षं लागली. मधल्या काळात 2008 साली या संघाने 16 पैकी 16 सामने हरण्याचा विक्रमही केला.

आजचा संघ उभा राहिला तो 2021 मध्ये. बारा हंगाम इमानाने खेळलेला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड आली. नवे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आणि नवे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी त्या निवडींचं सोनं केलं. जेमसन विल्यम्स, जामीर गिब्स, सॅम लापोर्टा हे सगळे खेळाडू त्या सौद्याच्या आणि त्यातून निघालेल्या सौद्यांच्या पोटातून आले. होम्सचा स्वभाव तिथंच दिसतो. निवडी हे त्यांचं बियाणं, आणि बियाणं खायचं नसतं.

2022 च्या हंगामाचा मध्य तर 2024 च्या प्रश्नाची रंगीत तालीमच होता. बचाव इतका गळत होता की सिअ‍ॅटलविरुद्ध 45 गुण करूनही संघ 48-45 असा हरला. सातपैकी एकच सामना जिंकल्यावर 31 ऑक्टोबरला बचावाच्या मागच्या फळीचे प्रशिक्षक ऑब्री प्लेझंट यांना काढलं, आणि दुसऱ्या दिवशी पास झेलणारा आणि अडवणुकीलाही उभा राहणारा टाइट एन्ड टी. जे. हॉकन्सनला मिनेसोटा व्हायकिंग्जला दिलं. तेही आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला! लोकांनी हंगाम सोडून दिला होता. संघाने सोडला नव्हता. त्या वर्षी लीगमध्ये समोरच्याला सर्वात जास्त यार्ड पुढे सरकू देणारा बचाव त्यांचाच ठरला, तरी हंगाम 9-8 वर, म्हणजे नऊ विजय आणि आठ पराभवांवर, संपला. शेवटच्या सामन्यात त्यांनी ग्रीन बेला त्यांच्याच घरी हरवून प्लेऑफबाहेर ढकललं. दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, मिशिगनमध्येच वाढलेला आणि मिशिगन विद्यापीठातून आलेला हचिन्सन तेव्हा पहिल्या वर्षात होता.

2023 मध्ये 12 विजय, तीस वर्षांनी गटविजेतेपद, आणि जानेवारी 2024 मध्ये पुन्हा 49अर्ससमोर. या वेळी मध्यंतराला 24-7 अशी आघाडी लायन्सची होती. 1957 चाच आकडा, बाजू उलटी. लायन्स 34-31 असे हरले. म्हणून 2024 साठी मागची फळी मुद्दाम भरली: टँपा बेहून कार्ल्टन डेव्हिस आणला, पहिल्या फेरीत टेरियन अर्नल्ड घेतला. बचावाचे समन्वयक अ‍ॅरन ग्लेन यांची पद्धत माणसाला माणूस लावून धरायची. ती चालते, पण पुढे दडपण हवं आणि मागे ताज्या दमाचे पाय हवेत.

हचिन्सनच्या आधीच मार्कस डेव्हनपोर्ट आणि डेरिक बार्न्स हे बचावपटू सप्टेंबरमध्ये जखमी होऊन बाहेर गेले होते. हचिन्सन गेल्यावर ट्रेडच्या मुदतीपर्यंत तीन आठवडे उरले. पूर्वी ही मुदत सहाव्या आठवड्यानंतर असे, 2012 पासून ती आठव्यानंतर गेली आणि 2024 मध्येच प्रथम नवव्यानंतर. 5 नोव्हेंबरला लायन्सनी क्लीव्हलंडकडून झडॅरियस स्मिथ घेतला. त्याच्यासोबत 2026 ची सातव्या फेरीची निवड आली, मोबदल्यात 2025 ची पाचव्या आणि 2026 ची सहाव्या फेरीची निवड गेली. म्हणजे जवळपास सुट्टे पैसे. चाहत्यांना मोठं नाव हवं होतं, त्यासाठी पहिल्या फेरीच्या निवडी ओतायलाही ते तयार होते. मला होम्सचं तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. वेतनमर्यादा असलेल्या लीगमध्ये एका माणसासाठी तीन वर्षांचं बियाणं मोडणं म्हणजे पुढच्या संघाच्या पोटावर पाय देणं. स्मिथने आठ सामन्यांत चार सॅक करून आपलं काम चोख केलं.

अडचण वेगळीच झाली. ट्रेडने एक जागा भरली, आणि मुदत संपल्यावर भोकं पडतच राहिली. 17 नोव्हेंबरला मधल्या फळीचा कर्णधार अ‍ॅलेक्स अँझलोनचा हात कोपराखाली मोडला. 5 डिसेंबरला ग्रीन बेविरुद्ध बचावात असे खेळाडू उतरले की ज्यांनी सहकाऱ्यांची नावं नुकतीच पाठ केली असावीत. काही तर इतर संघांच्या सराव पथकांतून त्याच आठवड्यात उचललेले. त्या सामन्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. 31-31 बरोबरी, शेवटचं मिनिट, चौथी म्हणजे अखेरची संधी, आणि चेंडू आपल्याकडे ठेवायला एक यार्ड हवा. किक मारून तीन गुण घ्यायचे आणि चेंडू ग्रीन बेला द्यायचा, हा सरळ मार्ग. कॅम्पबेलना आपल्या थकलेल्या बचावाला पुन्हा मैदानात पाठवायचं नव्हतं. गॉफ मागे वळताना अडखळला, पडता पडता त्याने चेंडू डेव्हिड माँटगोमरीच्या हातात कोंबला, आणि माँटगोमरीने सात यार्ड काढले. वेळ संपवून मग किक मारली. 34-31. आक्रमणाने बचावाला बाकावर बसवून वाचवलं, असे सामने मी फार थोडे पाहिले आहेत.

दहा दिवसांनी बफेलोने 559 यार्ड काढून 48-42 असं हरवलं आणि 11 विजयांची मालिका तुटली. त्याच दुपारी मॅकनीलच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ज्याच्या पायावर हचिन्सनचा पाय आपटला होता तोच मॅकनील. कार्ल्टन डेव्हिसचा जबडा मोडला, खलील डॉर्सीचा पाय मोडला. तरीही साखळीअखेर 15-2, संघाच्या इतिहासातली सर्वोत्तम कामगिरी. मागच्या फळीतल्या कर्बी जोसेफने तर नऊ वेळा चेंडू हिसकावून लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. या हंगामाला निव्वळ ‘दुबळा बचाव’ म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. बचाव दुबळा नव्हता, संपत आला होता.

18 जानेवारी 2025 ला फोर्ड फील्डवर वॉशिंग्टन आलं. 1992 चंच वॉशिंग्टन, आता कमांडर्स नावाने, आणि पहिल्याच वर्षातला जेडन डॅनियल्स क्वार्टरबॅक. सुरुवातीलाच अमिक रॉबर्टसन या मागच्या फळीतल्या कॉर्नरबॅकचा हात मोडला. डेव्हिस आधीच नव्हता, त्यामुळे माणसाला माणूस लावायला माणूसच उरला नाही. आक्रमणाने पाच वेळा चेंडू गमावला, आणि या खेपेला बाकावर बसवून वाचवण्याची सोय नव्हती. 45-31.

चार दिवसांत ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. मार्चमध्ये स्मिथला मोकळं केलं, डेव्हिस न्यू इंग्लंडला गेला. होम्सच्या हाती पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी तशाच होत्या. 7 सप्टेंबर 2025 ला ग्रीन बेत नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा हचिन्सन पहिल्या फळीत कडेला, आपल्या जागेवर, वाकून उभा होता.