फ्रीस्टाईलमधील श्वसन : मुलांचे प्रशिक्षण

फ्रीस्टाईल पोहताना चेहरा बहुतेक वेळ पाण्यात असतो. श्वास पाण्यात सोडायचा आणि अंग कुशीवर वळून तोंड क्षणभर उघड्यावर आले की घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. डोके वर ठेवून पोहणारे मूल काही जगावेगळे करत नसते. 100 मीटर अंतर 1 मिनिटाच्या आत पोहणारा पहिला जलतरणपटू जॉनी वाइसम्युलर (1922) हाही डोके बरेच उंच ठेवूनच पोहत असे.

‘मला हवा पुरत नाही’ असे मूल म्हणते, तेव्हा बहुधा त्याची छाती हवेने भरलेलीच असते. पाण्यात तोंड घालताच ते श्वास रोखून धरते. श्वासाची ओढ मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. साठलेली हवा बाहेर न टाकता मूल मान वळवते, मग एका सेकंदाहून कमी वेळात आधी सोडणे आणि नंतर घेणे अशी दोन्ही कामे त्याला करावी लागतात. घाई होते, ठसका लागतो आणि भीती बसते. म्हणून शिकवण्याची सुरुवात श्वास सोडण्यापासूनच व्हायला हवी, आणि या पायरीला कितीही दिवस लागले तरी ते वाया गेले असे मानू नये.

काठ धरून, चेहरा पाण्यात घालून गुणगुणायला सांगणे हा त्यासाठी सोपा उपाय आहे. गुणगुणताना हवा नाकातून सतत बाहेर येत राहते, त्यामुळे नाकात पाणी शिरत नाही. पुढे छातीइतक्या पाण्यात लयीत डुबक्या : खाली बुडबुडे, वर झटपट श्वास. सलग दहा डुबक्या मारताना मूल दर वेळी थांबून चेहरा पुसत असेल, तर पुढच्या पायरीची घाई करू नये.

यानंतर मान वळवणे. डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, कारण पाण्यावरचे शरीर छातीतल्या हवेभोवती तराजूच्या दांडीसारखे तोललेले असते. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने हा परिणाम अधिक जाणवतो. त्याऐवजी पुढे ताणलेल्या दंडावर कान टेकवून कुशीवर वळायचे. एक डोळा पाण्यात, एक बाहेर. वेगात पोहणाऱ्याच्या डोक्यापुढे लाट उठते आणि गालाजवळ खोलगट जागा तयार होते. तिथे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली असूनही श्वास घेता येतो. मूल सावकाश पोहते, त्यामुळे ही जागा त्याला फारशी मिळत नाही. मोठ्या खेळाडूंसारखे अर्धेच तोंड बाहेर काढण्याचा आग्रह त्याच्याकडे धरणे चुकीचे आहे. सुरुवातीला त्याने छताकडे किंवा आभाळाकडे पाहण्याइतके वळले तरी चालते, फक्त मानेबरोबर खांदा आणि कंबरही वळली पाहिजे. एक हात पुढे, दुसरा मांडीलगत ठेवून कुशीवर नुसते पाय मारण्याचा सराव इथे फार उपयोगी पडतो.

वेळ साधणे हा सर्वांत नाजूक भाग. उजवीकडे श्वास घ्यायचा असेल, तर उजवा हात पाण्याखालून मांडीकडे जात असताना चेहरा वळतो आणि डावा हात पुढे लांब राहतो. उजवा हात बाहेरून पुढे येत खांद्याशी पोहोचेपर्यंत चेहरा परत पाण्यात गेलेला असावा. श्वास घेताना पुढचा हात खाली दाबण्याची सवय मुलांना पटकन लागते. आधार सुटतो आणि तोंडात पाणी जाते.

दर तिसऱ्या हाताला श्वास घेतल्याने दोन्ही बाजू सारख्या तयार होतात, पण दम लागणाऱ्या मुलावर हा हिशेब लादू नये. दर दुसऱ्या हाताला श्वास घेऊन प्रत्येक फेरीत बाजू बदलली तरी तोच हेतू साधतो.

श्वास रोखण्याच्या पैजा या सरावात अजिबात नकोत. डुबकीआधी जोरजोरात श्वास घेतल्यास कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि पूर्वसूचनेशिवाय पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. शिकणाऱ्या मुलापासून मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.