घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गाडीत मोटर आणि ड्राइव्हट्रेन वाढवणं

जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन काढून तिथं मोटर-बॅटरी बसवणं म्हणजे कन्व्हर्जन. मराठवाड्यात हे करायला मारुती ८०० सोपी पडते, कारण गाडी हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि तिचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. गाडी एकदा चालती झाली की थोड्याच दिवसांत चढावर दम लागायला लागतो आणि मग विचार सुरू होतो की आता मोठी मोटर टाकावी. ड्राइव्हट्रेन म्हणजे मोटरच्या शाफ्टपासून चाकापर्यंत जे जे फिरतं ते सगळं: कपलर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एक्सल. मोटर वाढवायची तर या सगळ्याचा आणि मागं बॅटरीचा, तसंच मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरचाही हिशोब एकदमच करावा लागतो, सुटी मोटर बदलून पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

हिशोब चढापासून सुरू करायचा, टॉप स्पीडपासून नाही. बॅटरी आणि दोन माणसं धरून ८५० किलोची गाडी समजा. सपाट रस्त्यावर ६० च्या स्पीडला तिला चाकाशी साडेतीन किलोवॅटच्या आसपास लागतात, म्हणजे फार नाहीच. पण १०० मीटरला १० मीटर चढणारा रस्ता आला की ३० च्या स्पीडलाच ८ किलोवॅट लागतात आणि चाकावर साधारण २४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो. दौलताबादचा घाट छोटा आहे, तो मोटर पीक पॉवरवर, म्हणजे थोडाच वेळ देता येणाऱ्या जास्तीत जास्त जोरावर, काढून टाकते, पण चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना मोटर बराच वेळ सतत लोडवर असते आणि तिथं प्लेटवरचं पीक रेटिंग काही कामाचं नाही, कंटिन्युअस रेटिंग, म्हणजे न थांबता किती देते ते, बघायचं. विकणारा पीकचाच आकडा मोठ्यानं सांगतो, म्हणून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गिअर. बरेच जण गिअरबॉक्स ठेवतात पण क्लच काढून गाडी तिसऱ्यातच फिक्स चालवतात, मोटर शून्यापासून टॉर्क देते त्यामुळं गावात ते चालतंही. ८०० मध्ये तिसऱ्याला डिफरन्शियल धरून साधारण सहापट रिडक्शन मिळतं, म्हणजे मोटरच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक आणि टॉर्क सहापट, दुसऱ्याला नऊपटीच्या वर. वरचा तोच चढ तिसऱ्यात चढला तर मोटरकडून ४० न्यूटन-मीटर मागितले जातात, दुसऱ्यात २६ च. मोटरच्या वायंडिंगमधला करंट टॉर्कच्या प्रमाणात जातो आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दुसऱ्या गिअरला ती उष्णता निम्म्याच्याही खाली येते, तीच मोटर, तोच घाट, तोच स्पीड. बॅटरीतून जाणारा करंट मात्र फारसा बदलत नाही, कारण काम तेवढंच होतंय. म्हणून कुणी म्हणलं की ‘घाटात मोटर लई तापायलीय’ तर आधी विचारायचं कितव्या गिअरला होतास. निम्म्या लोकांचं अपग्रेड इथंच, एक रुपया न घालवता होऊन जाईल असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंही भागत नसेल तर मोटर वाढवावी. पण ८०० च्या ७९६ सीसी इंजिनचा टॉर्क ६० न्यूटन-मीटरच्या आसपास होता आणि गिअरबॉक्स तेवढ्यासाठीच बनवलेला आहे. दीडशे न्यूटन-मीटरची मोटर थेट लावली आणि ॲक्सिलरेटर दाबला की दात किंवा एक्सलचा जॉइंट कधी ना कधी जाणारच. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये टॉर्क लिमिट लावता येतं, आणि रॅम्प हळू ठेवावा, म्हणजे टॉर्क झटक्यात न येता चढत येतो.

व्होल्टेज वाढवणं हा दुसरा रस्ता. एलएफपीचे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे, २४ सेल सिरीजमध्ये म्हणजे ७६.८ व्होल्ट, ज्याला बाजारात ७२ ची सिस्टिम म्हणतात, ३० सेल म्हणजे ९६. तेवढीच पॉवर कमी करंटवर मिळते, केबल आणि कनेक्टर कमी तापतात आणि मोटर जास्त आरपीएमपर्यंत जोर धरते. पण ३० सेल फुल चार्जला १०९.५ व्होल्टवर जातात, जुना कंट्रोलर तेवढं सहन करणारा नसेल तर पहिल्याच दिवशी उडेल. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले) डीसीचेच घ्यायचे, एसीचा फ्यूज डीसीचा आर्क तोडू शकत नाही आणि आग लागते. हात घालण्याआधी सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची जोडणी तोडणारा प्लग, काढायचा, हे व्होल्टेज जिवावर बेतणारं आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. मोटरचं रेटिंग सहसा ४० अंश हवा धरून दिलेलं असतं आणि आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं, वर डांबराची धग. म्हणून मोटर हिशोबापेक्षा एक साइज मोठी घ्यावी, वायंडिंगमध्ये टेंपरेचर सेन्सर असलेलीच घ्यावी, आणि बॅटरी दुपारी चार्जिंगला न लावता रात्री लावावी.

मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडणाऱ्या कपलरवर मात्र कंजुषी करू नये. मोटर गिअरबॉक्सला बसवायची ॲडॉप्टर प्लेट संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या व्हीएमसीवाल्याकडून (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) कापून घेता येते, कपलर लेथवर होतो, स्प्लाइनसाठी, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचांत बसायला, जुन्या क्लच प्लेटचा मधला हब कपलरला वेल्ड करून वापरतात. वेल्डिंग झालं की हब वाकतो, म्हणून परत लेथवर चढवून डायल गेज लावून बघायचं, शाफ्ट हातानं सावकाश फिरवायचा आणि काटा किती हलतो ते पहायचं. पाच शतांशाच्या, म्हणजे ०.०५ मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर खोलून बघावं. स्प्लाइनवर गंजासारखी लालसर बारीक भुकटी दिसली तर समजायचं की सेंटर चुकलंय आणि लोखंड लोखंडाला खातंय, ग्रीस भरून ते थांबत नाही. पहिलीच प्लेट करताना जाड करून पुढच्या मोठ्या मोटरच्या बोल्टची जागा सोडली तर दुसऱ्यांदा सगळं नव्यानं कापावं लागत नाही.

ब्रेक विसरू नयेत. रीजन, म्हणजे स्पीड कमी करताना मोटरच उलटी बॅटरी चार्ज करते ते, आहे म्हणून लोक निवांत असतात, पण कन्नडमधून बॅटरी फुल करून निघालं आणि लगेच घाट उतरायला लागलं तर बॅटरीत घ्यायला जागाच नसते, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग बंद करतं आणि रीजन गायब होतं. अशा वेळी सगळा भार डिस्क-ड्रमवर येतो. गाडीला ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमनं पेडल हलकं करणारा डबा, असेल तर इंजिनसोबत त्याचा व्हॅक्यूमही गेलेला असतो, तिथं इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. एआयएस-१२३ या कन्व्हर्जन किटच्या मानकाप्रमाणं तपासून मंजूर झालेलं किट, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेची मंजुरी असलेलं, अधिकृत इन्स्टॉलरकडून बसवावं लागतं आणि आरटीओकडं आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते. नंतर मोटर बदलली तर मंजूर किटच बदललं, म्हणजे प्रश्न परत तिथंच येतो. विम्यालाही हे कळवावं लागतं. तोपर्यंत गाडी शेतात किंवा स्वतःच्या कंपाउंडमध्येच चालवावी, घाटाची टेस्ट कागद झाल्यावर.