गाळातली वीज किती, आणि कशासाठी?

दलदलीचा काळा गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येतात. त्यांत बराचसा मिथेन असतो. या गाळात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर खोल पोचतो. त्याखालच्या जिवाणूंकडे खायला भरपूर असतं, श्वसनाची सोय मात्र नसते.

अन्नाचं विघटन होताना इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते कोणाला तरी द्यावेच लागतात, नाहीतर ऊर्जा मिळवण्याची सगळी साखळी तुंबते. आपण ते प्राणवायूला देतो. गाळातले काही जिवाणू नायट्रेटवर भागवतात, काही सल्फेटवर (सडक्या अंड्यांचा तो वास या सल्फेटवाल्यांचाच). जिओबॅक्टर नावाच्या जिवाणूने मात्र वेगळीच वाट काढली आहे. तो इलेक्ट्रॉन देतो लोहाच्या ऑक्साइडला, म्हणजे साध्या भाषेत गंजाला. 1987 मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून असा जिवाणू वेगळा केला गेला. गंज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो पेशीत घेता येत नाही. इलेक्ट्रॉनच पेशीबाहेर न्यावे लागतात. त्यासाठी या जिवाणूंना अतिसूक्ष्म, वीजवाहक धागे असतात. हे धागे कशाचे, यावर बरीच वर्षं वाद चालला. 2019 मध्ये अशा एका धाग्याची रचना उलगडली, तेव्हा ती लोहयुक्त सायटोक्रोम प्रथिनांची लांबलचक माळ निघाली.

जिवाणूला समोर गंज आहे की कार्बनचा तुकडा, याचं सोयरसुतक नसतं. म्हणून कार्बनचा एक इलेक्ट्रोड गाळात पुरायचा, दुसरा वरच्या प्राणवायूयुक्त पाण्यात ठेवायचा आणि दोन्ही तारेने जोडायचे, की झाला विजेचा घट. इलेक्ट्रॉन तारेतून वर जातात, हायड्रोजनचे आयन गाळातून आणि पाण्यातून सरकत तिथे पोचतात आणि प्राणवायूशी मिळून पाणी बनतं. पाणबुड्याच्या तोंडातल्या नळीचं काम इथे ती तार करते. जिवाणूंपासून वीज मिळते हे 1911 मध्येच इंग्लंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी दाखवलं होतं. तेव्हा त्याचं पुढे फारसं काही झालं नाही.

आता हिशेब करू, कारण या विषयावरच्या उत्साही बातम्या तो सहसा टाळतात. गाळातल्या अशा घटातून चौरस मीटरमागे वीस-तीस मिलिवॉट मिळतात. 20 मिलिवॉट धरले तर 9 वॉटचा एक एलईडी दिवा लावायला 450 चौरस मीटर तळ लागेल, म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानापेक्षाही जास्त! घराघरांत दिवे लावण्याची गोष्ट सोडूनच द्यावी. मात्र जिथे बॅटरी बदलायला माणूस पाठवणं महागात पडतं, तिथे हेच मिलिवॉट मोलाचे ठरतात. पोटोमॅकमध्येच हवामान नोंदवणारा एक तरंगता संच अशा विजेवर चालवून दाखवला गेला. त्याचा अहवाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

सांडपाण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून टाक्यांत सतत हवा फुंकावी लागते. केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी त्यातच जाते. तीच घाण जिवाणूंनी इलेक्ट्रोडच्या आधाराने फस्त केली तर हवा फुंकण्याचा खर्च वाचतो, शिवाय उरणारा गाळही कमी होतो. हाती येणाऱ्या विजेपेक्षा ही न जळलेली वीज मोठी.

मग हे सगळीकडे का दिसत नाही? घट मोठा केला की त्याचा अंतर्गत रोधही (विजेला आतच होणारा अडथळा) त्रास देऊ लागतो आणि चौरस मीटरमागची शक्ती घसरते. एका घटाचा विद्युतदाब चालू स्थितीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. तो वाढवायला घट एकापुढे एक जोडले, तर त्यांतल्या एखाद्या अशक्त घटाची धन-ऋण टोकं उलटतात. इलेक्ट्रोडवर थर साचतात ते निराळेच.

एका कामात मात्र हा अशक्तपणा आड येत नाही. सांडपाण्यातली घाण मोजण्याच्या प्रचलित बीओडी चाचणीला (ती घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे तीत मोजतात) पाच दिवस लागतात. घटातला प्रवाह मात्र घाणीच्या प्रमाणानुसार ठरावीक मर्यादेत कमीजास्त होतो आणि पाण्यात एखादं विषारी रसायन मिसळलं तर जिवाणू मंदावून तो झपाट्याने खाली येतो. तिथे वीज किती मिळाली याला महत्त्व नसतं, ती किती बदलली एवढंच वाचायचं असतं.